कोणाची पेटी कोणाच्या गाडीत : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी, पावस

विषय पक्का झाला. समाजजाळ्यातल्या (कोणाचे कोणाशी पटते त्या जाळ्यातल्या) एजंटांचे, म्हणजे आपला निर्णय आपण घेणाऱ्यांचे, गट पाडणारे अल्गोरिदम. सरांच्या यादीतली उदाहरणे ड्रोनची आणि शहरात टॅक्सी वाटून घेण्याची होती, ती आम्ही सोडली. इकडे दर मार्चला हाच प्रश्न उभा राहतो. हापूसची पहिली तोड निघते तेव्हा एकेका बागायतदाराकडे आठ-दहा पेट्या असतात. भाव तेव्हाच सगळ्यात चढा, पण तेवढ्या पेट्यांसाठी वाशीच्या बाजारापर्यंत अख्खा पिकअप करायचा तर हातात काही राहत नाही. मग चार-पाच जण मिळून गाडी करतात. कोणी कोणाबरोबर करायची, एवढाच आमचा प्रकल्प.

गोळप ते पूर्णगड आणि मुचकुंदी नदीच्या पलीकडचे गावखडी, असे मिळून २० बागायतदार घेतलेत. विक्री ज्याची त्याची. पेटीवर मार्का ज्याचा त्याचा, दलालाची पट्टीही (विक्रीचा हिशोब) ज्याच्या त्याच्या नावाची. एकत्र फक्त भाडे. हे सुरुवातीलाच लिहून ठेवलेले बरे, कारण 'एकत्र विक्री' म्हटले की निम्मे लोक चहा न घेता उठतात.

१५ जानेवारी

आधी मोजणी. ५ जणांचे गट ५२ प्रकारे पाडता येतात. १० जणांचे १,१५,९७५ प्रकारे. २० जणांचे ५,१७,२४,१५,८२,३५,३७२ प्रकारे, म्हणजे ५१ लाख कोटींच्या वर. हे बेल आकडे. या विषयावर कोणी काही लिहायला घेतले की पहिल्याच पानावर हे आकडे घाबरवायला उभे असतात. खरे तर २० जणांसाठी इतके घाबरायचे कारण नाही. प्रत्येक उपगटाची उत्तम फोड एकदाच काढून साठवत गेले, तर काम ३ चा २० वा घात, म्हणजे सुमारे ३४८ कोटी पायऱ्यांत उरकते. साधा लॅपटॉप ते करतो. ४० जण झाले की मात्र ही वाट बंद. वेळेचे सोडाच, साठवायलाच जागा पुरत नाही.

सँडहोम आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा निष्कर्ष वाचला. कोणत्या गटाला किती फायदा याबद्दल आधी काहीच माहीत नसेल, तर निदान २^(n−१) रचना (n माणसांचे गट पाडण्याचे प्रकार) बघितल्याशिवाय उत्तर किती चांगले आहे याची कसलीही हमी देता येत नाही. आमच्या २० जणांसाठी हा आकडा ५,२४,२८८. आणि एवढे बघून हमी कसली, तर सर्वोत्तमाच्या निदान विसाव्या हिश्श्याची. एवढी हमी आमच्या वीस बागायतदारांतले तात्या घरबसल्या देतील.

२२ जानेवारी

जाळे, म्हणजे ग्राफ, आले की चित्र पालटते. त्यात माणसे म्हणजे नोड, आणि त्यांना जोडतात ते दुवे. मायरसनने १९७७ मध्ये मांडलेली अट अशी: गट तोच धरायचा ज्यातले लोक आपसातल्या दुव्यांनी एकमेकांपर्यंत पोचतात. गटाबाहेरच्या माणसातून वाट काढायची नाही. ग्राफ पूर्ण जोडलेला असेल, म्हणजे प्रत्येकाचा प्रत्येकाशी दुवा असेल, तर या अटीने काहीच कमी होत नाही. पण ग्राफ झाडासारखा असेल, कुठेच फेरा नसेल, तर गट पाडणे म्हणजे काही दुवे तोडणे, बस. २० नोडच्या झाडाला १९ दुवे. प्रत्येक दुवा ठेवायचा किंवा तोडायचा. रचना २^१९, म्हणजे पुन्हा तोच ५,२४,२८८! परवा ज्या आकड्यात विसाव्या हिश्श्याची हमी मिळत होती, त्याच आकड्यात इथे पूर्ण उत्तर मिळते.

आमचा ग्राफ झाड नसणार. पण पूर्ण जोडलेला तर नसणारच नसणार. पाच माणसांची वाडी आहे, तीत दोन जण बोलत नाहीत.

२ फेब्रुवारी, पूर्णगड

ग्राफ काढायला बसलो. प्रकल्पातल्या जोडीदाराचे म्हणणे, आंबेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून दुवे घ्यावेत, कोण कोणाला उत्तर देतो ते मोजावे. मी नको म्हटले. ग्रुपवर सगळेच सगळ्यांना 'शुभ सकाळ' पाठवतात. त्या हिशोबाने गावात वैर उरलेलेच नाही.

प्रश्न एकच ठेवला: 'तुम्ही हजर नसाल तेव्हा तुमच्या पेट्या मोजून गाडीत चढवायला कोणाच्या ताब्यात द्याल?' दोन्हीकडून होकार आला तर दुवा. ओळख, नाते, शेजार यातले काहीही विचारले नाही. तरी उत्तरे एका शब्दात कुठली येणार. गोळपचे एक काका म्हणाले, "गाडीत तो असला तरी चालेल, पण पेट्या त्याने मोजायच्या नाहीत." दुसरे म्हणाले, "त्याच्या हातात नको, त्याच्या बायकोच्या हातात दे. ती मोजते नीट." हा दुवा घरावर टाकायचा की माणसावर, यावर आम्ही बराच वेळ घातला. शेवटी नोड म्हणजे घर असे ठरवले, आणि वहिनींचे नाव शेरा म्हणून लिहिले.

खाडीने ग्राफचे सरळ दोन तुकडे केले असते. मुचकुंदीवर पूल झाला, तरी पूर्णगडच्या बाजूचे दुवे शेजारावर बसलेले आणि पलीकडचे दुवे सोयरिकीवर. तात्यांची बहीण गावखडीत दिलेली. खाडी ओलांडणाऱ्या दुव्यांतला सगळ्यात भक्कम दुवा तोच. तात्यांचा नोड काढून टाकला तर गावखडीची बरीच घरे सुटी पडतात. ग्राफच्या पुस्तकात याला कट व्हर्टेक्स म्हणतात. तात्यांना हे सांगितले नाही.

याच फेरीत दुसरी, छोटी यादीही तयार झाली, आम्ही न विचारता. 'त्याची पेटी ज्या गाडीत, त्या गाडीत माझी नाही.' कारणे विचारली नाहीत, तरी सांगितली गेली. एकात आजोबांच्या काळातला गडगा (दगडी कुंपण) होता. ही यादी लॅपटॉपवरच राहील. छापायची नाही, कोणाला दाखवायची नाही.

९ फेब्रुवारी

मुख्य कोड चालू झाला. पद्धत बिस्ताफा आणि सहकाऱ्यांची, २०१४ मधली. कल्पना साधी आणि हाताला लागलीच बरी वाटते. सुरुवातीला प्रत्येक घर वेगळा गट, सगळे दुवे हिरवे. एक हिरवा दुवा घ्या. तिथून शोधाच्या दोन फांद्या फुटतात. एका फांदीत त्याची दोन टोके एकत्र करून एकच नोड बनवा. दुसऱ्या फांदीत तो दुवा लाल करा, म्हणजे ही दोन टोके या फांदीत पुन्हा कधीच एका गटात येणार नाहीत. नोड एकत्र होताना दोन दुवे एकावर एक पडले आणि त्यातला एक लाल असेल, तर उरतो तो लाल. या एका नियमामुळे प्रत्येक रचना बरोबर एकदाच भेटते. आधी बघितलेल्या रचनांची नोंद ठेवावी लागत नाही, म्हणून मेमरीही खात नाही.

तपासणीसाठी ५ नोडचे तीन ग्राफ. पूर्ण जोडलेला: ५२ यायला हव्यात, आल्या. सरळ साखळी: २^४ म्हणजे १६, आल्या. गोल: एकच दुवा तोडला तर काहीच सुटत नाही, म्हणून २^५ वजा ५, म्हणजे २७. त्याही आल्या.

१० फेब्रुवारी

रात्री सुचले ते सकाळी करून बघितले. 'नको' ची यादी वेगळी सांभाळायची गरजच नाही. त्या जोड्यांमध्ये सुरुवातीपासून लाल दुवा टाकायचा. बाकी नियम आहे तसाच. मायरसनच्या अटीत दोघांचे पटत नसले तरी मधला माणूस दोघांना एका गटात आणू शकतो, आणि बऱ्याचदा ते खरेही असते: "तात्या आहेत ना मध्ये, मग चालेल." पण गडगेवाल्यांचे तसे नाही. दुवा नसणे वेगळे, लाल दुवा असणे वेगळे. कोडमध्ये आता दोन्ही आहेत.

२० फेब्रुवारी

गटाची किंमत कशी धरायची ते लिहितो. फायद्याची बाजू: प्रत्येकाने आपापली सोय केली असती तर झालेला खर्च, वजा गटाचे भाडे. गाड्या किती लागतील ते एकूण पेट्या भागिले ६०, वरची पूर्ण संख्या. वाटेतली वळणे धरून दोन गट एकत्र आले की हा खर्च वाढत नाही, झाला तर कमीच होतो.

तोट्याची बाजू थांब्यांची. एका थांब्याला वीसेक मिनिटे जातात, आणि घर पाखाडीवर (पायऱ्यांच्या वाटेवर) असेल तर जास्त, कारण पेट्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणाव्या लागतात. गाडी संध्याकाळी हातखंब्याला महामार्गाला लागली तर कशेडी घाट ओलांडून पहाटे बाजारात. उशीर झाला की सकाळची गिऱ्हाईके गेलेली. म्हणून गटातल्या प्रत्येक जोडीमागे थोडा दंड धरला. गट वाढतो तसा हा दंड झपाट्याने वाढतो.

अशा दोन बाजू वेगळ्या ठेवल्याचा उपयोग छाटणीला होतो. कोणत्याही फांदीवर उभे राहून विचारायचे: उरलेले सगळे हिरवे दुवे जोडून टाकले तर फायदा जास्तीत जास्त किती, आणि दंड आत्ता आहे तेवढाच राहिला तर? या बेरजेहून चांगले त्या फांदीत काही असूच शकत नाही. हातातले उत्तर त्याहून सरस असेल तर अख्खी फांदी सोडायची. चहा उकळायच्या आत २० घरांचे उत्तर येते.

आज तात्यांनी पिकअपच्या हौद्याजवळ उभे राहून एक गोष्ट दाखवली, जी आमच्या सूत्रात नव्हती. गाडी गावखडीहून निघते, मग पूर्णगड, पावस, गोळप, भाट्ये, रत्नागिरी. पहिल्या घराच्या पेट्या केबिनला टेकून आत जातात, शेवटच्या फाळक्यापाशी, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेपाशी. वाशीला फाळका पडला की आधी उतरतात त्या गोळपच्या. "पहिल्या उतरलेल्या पेटीवर दलालाचा हात आधी पडतो. लांबचा माणूस आधी भरतो आणि शेवटी विकतो, हे कुठच्या गणितात बसतं?" आमच्यात बसत नव्हते. त्यांचा उपाय त्यांच्याकडेच होता: थर आडवे न लावता प्रत्येकाची रांग केबिनपासून फाळक्यापर्यंत उभी लावायची, म्हणजे फाळक्यापाशी प्रत्येकाची निदान एक पेटी येते. तीन जणांपर्यंत हे छान जमते, चार झाले की रांगा अरुंद होतात. गटाचा आकार शक्यतो तीन-चार ठेवायला हे कारण दंडाच्या सूत्रापेक्षा मोठे निघाले.

१ मार्च

गट कोणते ते कळले. वाचलेले पैसे कोणाला किती, हा भाग आता. तीन घरे घेऊन कागदावर केले: गोळपचे काका, तात्या, गावखडीची मावशी. काका आणि मावशी यांच्यात दुवा नाही, दोघांचा तात्यांशी आहे. आकडे गोल धरले आहेत.

दोघे एकत्र आले की १,२०० रुपये वाचतात, तिघे आले की २,४००. शॅप्लीची १९५३ ची रीत: माणसे एकेक करून गटात येतात असे समजा, येण्याचे सहाही क्रम घ्या, आणि प्रत्येकाच्या येण्याने भर किती पडली त्याची सरासरी काढा. जाळे विसरलो तर तिघांना ८०० प्रत्येकी. जाळे धरले की काका आणि मावशी दोघेच असताना वाचत काहीच नाही. तात्या पहिले आले तर भर शून्य, दुसरे आले तर १,२००, शेवटी आले तर २,४००. सरासरी १,२००. काकांना ६००, मावशीला ६००. हे मायरसन मूल्य. एक पेटी जास्त न देता तात्यांना निम्मे.

आता गाडीत दोघांच्याच पेट्या मावतात असे धरू. कोणत्याही दोघांचे १,२००, तिघांचेही १,२००च. सगळ्यांचे सगळ्यांशी पटत असेल तर इथे टिकाऊ वाटणीच नाही: प्रत्येक जोडीला निदान १,२०० मिळायला हवेत, तीन जोड्यांची बेरीज ३,६००, त्यात प्रत्येक माणूस दोनदा, म्हणून एकूण १,८०० लागतील आणि आहेत १,२००. कोणीतरी बाहेर राहणार, आणि तो आतल्यापैकी एकाला जरा जास्त देऊन फोडणार. टिकाऊ वाटण्यांच्या संचाला कोअर म्हणतात, आणि इथे कोअर रिकामा. काका-मावशी दुवा तोडला की ग्राफ झाड होतो, आणि झाडावर टिकाऊ वाटणी असतेच, हे गॅब्रिएल दमांज यांनी २००४ मध्ये सर्वसाधारणपणे दाखवले आहे. इथे ती एकच आहे: तात्या १,२००, काका शून्य, मावशी शून्य. मायरसन मूल्य ८००, २००, २०० असे जरा माणुसकीचे येते, पण ते टिकत नाही. काका आणि तात्या मिळून १,००० घेतात, आणि दोघेच निघाले तर १,२०० त्यांचे.

भांडण नको असेल तर झाड करा, म्हणजे मधला सगळे घेईल. जोडीदार हे वाचून म्हणाला, "हे तर वाशीतच चाललंय की." मला वाटते या प्रकल्पात एवढी एक गोष्ट जरी अहवालात नीट मांडता आली तरी पुरे.

८ मार्च

तात्यांना पहिले उदाहरण दाखवले, कट व्हर्टेक्स हा शब्द न वापरता. त्यांनी कागद चष्म्याजवळ धरला, आणि मग परत दिला. "मी मध्ये आहे म्हणून बाराशे? उद्या वाडीत म्हणतील, तात्याने दलाली सुरू केली. तू पेटीमागे लाव बाबा." बाकीच्यांचेही हेच. पेटीमागे भाडे, हिशोब सगळ्यांना तोंडपाठ. मायरसन मूल्य कोडमध्ये आहे, पण पडद्यावर दाखवायचे बंद केले.

प्रोग्रॅमचे काम बदलले. वाटणी लोकांची, पेटीमागे. प्रोग्रॅमने फक्त तपासायचे, की या वाटणीत दुव्यांनी जोडलेला एखादा उपगट वेगळा निघाला तर त्याचा फायदा आहे का. असला तर इशारा. सरांना यात नावीन्य कमी वाटते. मला उलट वाटते, पण गुण त्यांच्याकडे आहेत.

१९ मार्च

शिमगा संपला. पालखी आधी कोणाच्या अंगणात, यावरून वाडीत जे व्हायचे ते झाले. दोन हिरवे दुवे लाल केले. एक जुना लाल मात्र हिरवा झाला, चाकरमानी मुलगा आला आणि त्याने दोन्हीकडे जाऊन बसून मिटवले. ग्राफ एकदा काढला की काम झाले असे इथे चालणार नाही. शिमगा आणि गणपती, वर्षातून दोनदा तरी तो नव्याने विचारावा लागेल.

२७ मार्च

इशारा पहिल्यांदा खरोखर वाजला. पूर्णगडची दोन घरे, २५ पेट्या प्रत्येकी, आणि गावखडीच्या मावशीच्या १०. पूर्णगडहून गाडी ६,०००, पूल ओलांडून मावशीच्या वाडीपर्यंत आत जायचे १,५०० जास्त. एकूण ७,५००, पेटीमागे १२५. पण पूर्णगडचे दोघेच निघाले तर ६,००० भागिले ५०, म्हणजे १२०. ते कशाला थांबतील?

मावशी एकटी पाठवेल तर पेटीला २००, म्हणजे २,०००. पूर्णगडचे दोघे एकत्र आणि मावशी वेगळी, असे मिळून ८,००० आणि तिघे एकत्र ७,५००. पाचशे वाचतात, तरी पेटीमागे वाटणीने गट मोडतो. मावशीने १,५०० पेक्षा कमी दिले तर दोघे जातात, २,००० पेक्षा जास्त मागितले तर ती जाते. मधली कोणतीही रक्कम चालते. १,७५० सुचवले: तिला पेटीला १७५, दोघांना ११५.

सांगायला मीच गेलो. इतरांना ११५ आणि आपल्याला १७५ हे ऐकून ती काय म्हणेल, याची धाकधूक होती. ती पेंढा भरत होती, हात न थांबवता म्हणाली, "दोनशापेक्षा कमी ना? मग लिही. पण गाडी आत अंगणापर्यंत आली पाहिजे, फाट्यावर नाही." ती अट लिहून घेतली. सूत्रात अंगण आणि फाटा यांच्यात फरक नव्हता, आता आहे.

१२ एप्रिल

पेट्यांचा आकडा दुपारीच कळतो, तोड सकाळी असते. म्हणून रोज दुपारी नव्याने गट निघतात, आणि पन्नास-शंभर रुपयांच्या फरकाने कालचे जोडीदार आज बदलतात. लोक वैतागले. "काल त्याच्याबरोबर, आज ह्याच्याबरोबर, मी काय पाहुणा आहे?" काल एकत्र असलेल्या जोडीला थोडे बक्षीस धरले. ही भर फायद्याच्या बाजूला जाते, म्हणून छाटणीचे गणित बिघडत नाही. बक्षीस किती ठेवायचे ते लोकांनाच विचारले: किती वाचत असतील तर कालचा जोडीदार सोडाल? आकडे इतके वेगवेगळे आले की घरागणिक वेगळा ठेवला. तात्यांचा सगळ्यात मोठा.

४ मे

प्रोग्रॅम हल्ली बहुतेक घरांना एकटे ठेवतो. बरोबरच आहे. पाऊस यायच्या आत उतरवायचे म्हणून सगळ्यांची तोड जोरात, एकेका घरच्याच साठ पेट्या होतात, गाडी आपली आपल्यानेच भरते. एकत्र येऊन वाचणार काय? फक्त गावखडीची तीन छोटी घरे अजून एकत्र जातात. गटाचा फायदा मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच, माल थोडा आणि भाव चढा असतो तेव्हा. अहवालातला आलेख तेवढ्याच दिवसांचा देणार आहे.

पुढच्या पंधरवड्यात राहिलेला आंबा कॅनिंगला जाईल. तो किलोवर, काटा गावातच, वाशीचा संबंध नाही. दुव्यांची फाइल तात्यांच्या सांगण्यावरून लॅपटॉपवरून पुसली. हिरव्या दुव्यांची वही त्यांच्याकडे दिली, लाल यादी त्यांनी घेतली नाही. "ती मला पाठ आहे," म्हणाले.